लिनक्ससाठी पहिला डेस्कटॉप स्वतः जोडायचा आहे : दुकानदाराच्या यादीत काय बदलावे?

कोथरूडचा_वाचक

नमस्कार. बरीच वर्षे लॅपटॉपवर लिनक्स मिंट वापरत आहे. आता घरासाठी एक डेस्कटॉप, सुटे भाग आणून, स्वतःच जोडावा असे ठरवले आहे. पेचकस हातात धरण्याची भीती नाही. परंतु मदरबोर्ड, एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी) वगैरे वस्तू निवडून विकत घेण्याची ही पहिलीच वेळ आहे. विंडोज बसवायचे नाही, त्यामुळे 'विंडोजवर चालते ना, मग झाले' हे उत्तर मला उपयोगाचे नाही.

कामाचे स्वरूप असे आहे. आमच्या वाचक मंडळाच्या त्रैमासिकाची मांडणी मी स्क्राइबसमध्ये करतो आणि मजकूर लिबरऑफिसमध्ये तपासतो. किल्ल्यांवरच्या भटकंतीतले रॉ फोटो डार्कटेबलमध्ये उजळतो. मुलगी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे, ती सी आणि पायथन शिकते. घरात कोणी गेम खेळत नाही. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस आहेत. मॉनिटर १०८० पी असून त्याला एचडीएमआयची जोडणी आहे. बाकी साऱ्या भागांसाठी पंचावन्न हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

तापकीर गल्लीच्या परिसरातील एका दुकानदाराने पुढील यादी दिली आहे : इंटेल कोअर आय-५ १२४००एफ, एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, एनव्हिडिया जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड, '४५० वॅट' असे लिहिलेला पण कंपनीचे नाव नसलेला एसएमपीएस, रंगीत दिव्यांच्या पंख्यांचे कॅबिनेट आणि वाय-फायसाठी यूएसबीचा छोटा डाँगल. लिनक्सचे विचारले तेव्हा 'लिनक्स काय, कशावरही चालते' असे उत्तर मिळाले. कार्यालयातील एक सहकारी मात्र म्हणतो की आज घ्यायचेच तर एएमडीचे एएम५ (प्रोसेसर बसवण्याची नवी बैठक) घ्यावे, नाहीतर दोन वर्षांत पस्तावाल. कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_कर्नल

यादी टाकाऊ नाही, पण ती केवळ विंडोज डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे, आणि जेथे तुमचे पैसे वाया जात आहेत तीच जागा दुकानदाराला यादीचे भूषण वाटत असणार.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असेल, तर त्याचे अंगभूत ग्राफिक्स बंद केलेले असते, आणि मग पडद्यावर नुसते चित्र दिसावे म्हणूनही वेगळे कार्ड घ्यावे लागते. जीटी १०३० या यादीत शिरले आहे ते एवढ्याचसाठी. त्याऐवजी साधा १२४०० घ्या. त्यात यूएचडी ७३० हे ग्राफिक्स अंगभूत आहे. तुमच्या मॉनिटरला, स्क्राइबसला आणि व्हिडिओ पाहण्याला ते पुरून उरते, आणि त्याचा आय९१५ ड्रायव्हर (भाग चालवणारे सॉफ्टवेअर) लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असल्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. जीटी १०३० हे २०१७ मधील पास्कल पिढीचे कार्ड आहे. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांची ५८० ही मालिका या पिढीला आधार देणारी शेवटची मालिका आहे, त्यामुळे पुढे कधीतरी नवीन कर्नल आणि जुना ड्रायव्हर यांची सांगड घालत बसण्याची वेळ तुमच्यावर येईल. मुक्त असलेला नूव्हो ड्रायव्हर वापरू म्हटले, तर या पिढीच्या कार्डांना एनव्हिडियाची सही असलेले फर्मवेअर लागत असल्याने नूव्होला कार्डाचा वेग वाढवताच येत नाही आणि ते सुरू होतानाच्या मंद गतीवरच अडकून राहते. थोडक्यात, ज्या कार्डाची गरजच नाही ते विकत घेऊन त्याची देखभाल करण्याचे काम अंगावर घेऊ नका.

आता 'कशावरही चालते' या विधानाविषयी. पाच-सात वर्षांच्या यंत्राबद्दल ते बहुतांशी खरे आहे. गेल्या महिन्यात बाजारात आलेल्या यंत्राबद्दल ते सरळ चुकू शकते. विंडोजमध्ये ड्रायव्हर बहुधा त्या त्या कंपनीकडून स्वतंत्रपणे येतो, लिनक्समध्ये मात्र तो बहुतेक वेळा कर्नलबरोबर येतो, म्हणून भाग बाजारात केव्हा आला आणि तुमच्या वितरणातील कर्नल केव्हाचा आहे, या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. डेबियन १२ हे जून २०२३ चे असून त्यात ६.१ हा कर्नल आहे. उबुंटू २४.०४ आणि त्याच्या आधारावरील मिंट २२ हे ६.८ वर सुरू झाले. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे. १२४०० हा प्रोसेसर जानेवारी २०२२ मध्ये आला, म्हणजे या चौघांनाही तो नीट ओळखीचा आहे. हाच हिशेब प्रत्येक भागाला लावावा. नुकत्याच आलेल्या भागासाठी जुना स्थिर कर्नल वापरायचा आणि मग 'लिनक्स चालत नाही' असे म्हणायचे, याला अर्थ नाही.

रॅमची एकच १६ जीबीची पट्टी घेऊ नका; ८ जीबीच्या दोन घ्या. अंगभूत ग्राफिक्स स्वतःची स्मृती बाळगत नाही, ते याच रॅममधून काम करते, आणि दोन पट्ट्या दोन चॅनेलवर बसल्या की त्याला मिळणारी बँडविड्थ जवळजवळ दुप्पट होते. एच६१० बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा असतात, म्हणून पुढे ३२ जीबी करायचे झाल्यास दोन्ही पट्ट्या बदलाव्या लागतील, हे मात्र लक्षात असू द्या. फोटोंचे काम वाढणार असेल, तर चार खाचांचा बी६६० किंवा बी७६० बोर्ड घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. या बोर्डांच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही आवृत्त्या मिळतात व एकीची रॅम दुसरीत बसत नाही. नावातील तेवढे अक्षर वाचूनच पैसे द्या.

मुठाकाठ

वरील सर्व मुद्द्यांशी सहमत आहे, पण माझ्या मते लिनक्सवाल्याला सर्वाधिक मनस्ताप प्रोसेसर देत नाही, तो ज्याची कोणी चौकशीही करत नाही अशा लहान चिपांकडून होतो. यादीतील सर्वांत स्वस्त वस्तू, म्हणजे तो वाय-फायचा डाँगल, हीच माझ्या दृष्टीने सर्वांत धोक्याची वस्तू आहे.

डाँगलच्या खोक्यावर कंपनीचे नाव, वेग आणि अँटेनाचे चित्र असते; आत कोणती चिप आहे ते नसते. एकाच नावाच्या डाँगलमध्ये वर्षभरात चिप बदललेली असते आणि खोके तेच राहते. अनेक स्वस्त डाँगलांत रिअलटेकच्या अशा चिपा असतात, ज्यांचा ड्रायव्हर जुन्या कर्नलांत नसल्याने तो बाहेरून आणून डीकेएमएस या साधनाच्या मदतीने प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. एखाद्या सकाळी कर्नल अद्ययावत होतो, बांधणी फसते आणि इंटरनेट जाते. ती दुरुस्त करायलाही इंटरनेटच लागते, हा त्यातला खरा विनोद.

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे आतल्या खोलीपर्यंत नेटवर्कची केबल ओढून घेणे. बोर्डावरील रिअलटेकचे १ गिगाबिटचे लॅन असो वा २.५ गिगाबिटचे आरटीएल८१२५, दोन्ही आर८१६९ या कर्नलमधील ड्रायव्हरवर चालतात. दुसऱ्याला हा आधार ५.४ पासून आहे. केबल शक्य नसेल, तर इंटेलच्या एएक्स२१० चिपचे वाय-फाय कार्ड घ्यावे. ते बोर्डावरील एम.२ च्या 'ई' खाचेत बसते, आणि अशी खाच नसेल तर पीसीआय एक्स्प्रेसच्या पट्टीवर बसवलेलेही मिळते. त्याच्या शेजारचा एएक्स२११ मात्र चुकूनही घेऊ नका. दिसायला तो तसाच आहे, पण त्याचे अर्धे काम इंटेलच्या चिपसेटमध्ये होते, त्यामुळे तो ठराविक इंटेल बोर्डांवरच चालतो आणि एएमडीवर मुळीच चालत नाही.

वाय-फाय असलेला मदरबोर्ड घेणार असाल तर आणखी एक काळजी घ्या. एकाच बोर्डाच्या वेगवेगळ्या रिव्हिजनमध्ये इंटेल, मीडियाटेक आणि रिअलटेक अशा तीन कंपन्यांच्या चिपा निघू शकतात. मीडियाटेकची एमटी७९२१ नव्या कर्नलांवर व्यवस्थित चालते, म्हणून नाव पाहून घाबरू नये. फक्त कोणती आहे ते आधी कळायला हवे. 'लिनक्स-हार्डवेअर डॉट ऑर्ग' या स्थळावर लोकांनी आपापल्या यंत्रांची तपासणी करून नोंदी ठेवलेल्या आहेत. बोर्डाचे नाव तेथे शोधले की कोणता भाग कोणत्या ड्रायव्हरवर चालला, हे दिसते. मंचावरच्या आमच्यासारख्यांच्या मतांपेक्षा त्या नोंदींवर अधिक विश्वास ठेवा.

दिव्यांबद्दल एकच वाक्य : त्यांचे रंग बदलणारे कंपन्यांचे सॉफ्टवेअर सहसा विंडोजपुरते असते, ओपनआरजीबी काही बोर्डांना चालते, काहींना नाही, म्हणून साधे काळे कॅबिनेट घ्या आणि वाचलेले पैसे एसएसडीवर घाला.

घाटवाटा

जीटी १०३० नको हे मान्य, पण 'एनव्हिडिया नकोच' असा त्यातून निष्कर्ष निघू नये म्हणून लिहितो. प्रश्नकर्ते डार्कटेबल वापरतात. डार्कटेबलमधील जड क्रिया, विशेषतः फोटोतील गोंगाट (दाणेदारपणा) कमी करणे आणि धुकटपणा काढणे, ओपनसीएलमार्फत ग्राफिक्स कार्डाकडे सोपवता येतात, आणि ओपनसीएल लिनक्सवर कमीत कमी खटपटीत चालवायचे असेल तर आजही एनव्हिडियाचा मालकी ड्रायव्हर सोपा पडतो. एएमडीचा ग्राफिक्स ड्रायव्हर उत्तम आहे, तो २०१५ पासून कर्नलमध्ये आहे, परंतु ओपनसीएलसाठी आरओसीएम किंवा मेसाचे रस्टिकल यांपैकी काही स्वतंत्रपणे बसवावे लागते आणि सर्वच कार्डांना त्यांचा सारखा आधार नाही. मी स्वतः शेकडो रॉ फोटो एकदम निर्यात करतो, म्हणून माझ्याकडे वेगळे कार्ड आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

एनव्हिडियाच घ्यायचे झाले तर पास्कलनंतर आलेल्या ट्युरिंग किंवा त्याहून पुढच्या पिढीचे घ्यावे. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलचे जे मॉड्यूल खुले केले, ते याच पिढीपासून पुढे चालतात. सिक्युअर बूट (सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना स्वतःची किल्ली नोंदवण्याची एक निळी चौकट पुढच्या बूटच्या वेळी येते. ती अनेक जण न वाचता पुढे ढकलतात आणि मग ड्रायव्हर का चढत नाही, असे विचारत येतात.

जुना_कर्नल

घाटवाटा यांचा मुद्दा रास्त आहे, फक्त प्रमाण पाहावे. प्रश्नकर्ते एका भटकंतीचे फोटो उजळणार, त्यांना सहा कोअर आणि बारा थ्रेड पुरेसे आहेत. यूएचडी ७३० साठी इंटेलचे ओपनसीएलही मिळते, त्याचा लाभ माफक असला तरी. आधी कार्डाशिवाय सहा महिने काम करून पाहावे. ग्राफिक्स कार्डाची खाच कोठे पळून जात नाही.

वीजजोडणी

विजेच्या कामात उमेदवारी आणि नंतर नोकरी केलेली असल्याने यादीतील बिननावाच्या एसएमपीएसवर माझी नजर आधी गेली. कृपया तो घेऊ नका. त्यावर लिहिलेले ४५० वॅट बहुधा सगळ्या जोडण्यांची कागदी बेरीज असते. १२ व्होल्टच्या जोडणीवर किती अँपिअर मिळतात ते लेबलवर पाहा, कारण आजच्या संगणकाचे जवळजवळ सारे ओझे त्याच जोडणीवर असते. १२४०० हा प्रोसेसर जास्तीत जास्त ११७ वॅट ओढतो. कार्ड नसलेला तुमचा पूर्ण संगणक २०० वॅटच्या आतच राहील. म्हणजे तुम्हाला मोठा एसएमपीएस नकोच आहे, खरा हवा आहे. ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा, नाव असलेल्या कंपनीचा, ४५० किंवा ५५० वॅटचा पुरे. पुढे मध्यम ग्राफिक्स कार्ड घातले तरी ५५० वॅटला ते पेलवेल.

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार सांगावा लागत नाही. देखभालीसाठी महावितरण ज्या दिवशी वीज बंद ठेवते तो दिवस निदान आधी कळतो. वळवाच्या पावसात जाणारी वीज सांगून जात नाही, आणि जाते त्यापेक्षा परत येताना अधिक नुकसान करते. म्हणून यूपीएस याच खर्चात धरा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो आणि तुमच्या यंत्राला व मॉनिटरला काही मिनिटे सहज सांभाळतो. फाइल जतन करून संगणक बंद करण्यासाठी तेवढी पुरतात. लिनक्सच्या दृष्टीने पाहायची गोष्ट वेगळीच आहे : यूपीएसला यूएसबीचे तोंड आहे का? ते असेल आणि त्याची भाषा एनयूटी या साधनाला समजत असेल, तर घरात कोणी नसतानाही बॅटरी उतरू लागताच संगणक स्वतःहून व्यवस्थित बंद होतो. स्वस्त मॉडेलांत हे तोंड बहुधा नसते. एनयूटीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या यूपीएसची यादी आहे, ती पाहून मगच घ्या.

आणि अर्थिंग. जुन्या वाड्यांच्या जागी झालेल्या इमारतींतसुद्धा तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसरी तार कोठेच गेलेली नसते. कॅबिनेटला बोट लावल्यावर मुंग्या आल्या तर दोष संगणकाचा समजू नका. आधी वायरमनला बोलवा.

कोथरूडचा_वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांनुसार यादी अशी केली आहे : 'एफ' नसलेला १२४००, चार खाचांचा डीडीआर४ चा बी६६० बोर्ड, ८ जीबीच्या दोन पट्ट्या, नाव असलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस, यूएसबी असलेला यूपीएस, साधे कॅबिनेट. केबल ओढण्याला घरून संमती मिळाली आहे, त्यामुळे वाय-फाय तूर्त वगळतो. दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. एसएसडी कोणती घ्यावी? आणि सहकाऱ्याच्या एएम५ च्या आग्रहाचे काय करावे? शिवाय रायझन ५ ५६००जी हा पर्यायही दुसऱ्या दुकानात सुचवण्यात आला.

मुठाकाठ

५६००जी चे वेगा ग्राफिक्स यूएचडी ७३० पेक्षा खेळांसाठी बरेच सरस आहे, पण तुमच्या घरी खेळ नाहीत. उलट इंटेलचे ग्राफिक्स एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडते, वेगा ते काम प्रोसेसरवर टाकते. सहा कोअर असताना १०८० पी साठी याने फारसे बिघडत नाही, तरीही निवड करायला तेवढा फरक पुरे आहे. दोन्ही लिनक्सवर निर्धोक आहेत. जो बोर्डासकट स्वस्त पडेल तो घ्या.

एएम५ विषयी तुमच्या सहकाऱ्याचे म्हणणे चूक नाही. ही बैठक सप्टेंबर २०२२ मध्ये आली आणि २०२७ व त्यापुढेही तिला आधार देऊ, असे एएमडीने जाहीर केले आहे, तर तुमच्या १२४०० ची एलजीए १७०० बैठक इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्येच मागे टाकली. पण एएम५ ला डीडीआर५ शिवाय पर्याय नाही, बोर्ड महाग आहेत, आणि रॅमचे भाव २०२५ च्या उत्तरार्धापासून जे चढले आहेत ते पाहता पंचावन्न हजारांत यूपीएस, चांगला एसएमपीएस आणि १ टीबीची एसएसडी हे सगळे बसवताना कशाला तरी कात्री लागेल. त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवू असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, बसवणारे फार थोडे. पाच-सहा वर्षांनी बदल करताना बहुतेक जण बोर्डही बदलतात. ज्याला दर दोन वर्षांनी यंत्र उघडण्याची हौस आहे त्याने एएम५ घ्यावे. त्रैमासिक वेळेवर काढायचे आहे त्याने १२४०० वर निर्धास्त राहावे. १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही इंटेल प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे अस्थिरता येण्याचा जो दोष गाजला, तो १२व्या पिढीत नाही, हेही सहकाऱ्यांना सांगता येईल.

पहिली_जोडणी

एसएसडीबद्दल मी सांगते, कारण छायाचित्रांच्या साठवणीसाठी मला हाच शोध घ्यावा लागला होता. ५१२ जीबीत रॉ फोटो फार दिवस मावत नाहीत, १ टीबी घ्या. वेगाच्या आकड्यांमागे जाऊ नका. टीएलसी (एका पेशीत तीन बिट) प्रकारची आहे की क्यूएलसी (चार बिट), तेवढे विचारा. मोठी निर्यात किंवा बॅकअप सलग चालू असताना क्यूएलसीचा वेगवान राखीव भाग भरला की तिचा लिहिण्याचा वेग कोसळतो, टीएलसी तेथे टिकून राहते. डीरॅम (स्वतःची छोटी रॅम) नसलेली टीएलसी घरच्या कामाला चालते, कारण ती संगणकाच्याच रॅममधील थोडी जागा उसनी घेते आणि लिनक्सचा एनव्हीएमई ड्रायव्हर ती देतो. एच६१० सोडून बी६६० घेण्याचा येथेही फायदा आहे : एच६१० वर एम.२ ची जोडणी पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीपुरतीच मर्यादित राहते.

जोडताना दोन ठिकाणी थांबून पाहा. कॅबिनेटमधील पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) बोर्डाच्या छिद्रांखालीच हवेत. जास्तीचा एखादा राहिला तर तो बोर्डाला मागून टेकतो. आणि प्रोसेसरजवळची वीजजोडणी ही २४ पिनांच्या जोडणीहून वेगळी आहे, ती विसरली तर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. पहिल्यांदा सुरू केल्यावर बायोसमध्ये रॅमचे एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा, इंटेलचे व्हीएमडी किंवा आरएसटी (एसएसडी इंटेलच्या नियंत्रकामार्फत जोडणारी सोय) चालू असल्यास ते बंद करा, नाहीतर लिनक्सच्या इन्स्टॉलरला काही वेळा एसएसडी दिसत नाही. त्यानंतर काहीही बसवण्याआधी मेमटेस्ट८६+ एक रात्र चालू ठेवा. रॅमची पट्टी सदोष निघाली तर ती दुकानातून बदलून घेण्याची मुदत थोडीच असते, म्हणून ही तपासणी पहिल्याच रात्री व्हावी.

खरेदीला जाताना मिंटची लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात असू द्या. दुकानात त्याच बोर्डाचा जोडलेला संगणक असेल तर दहा मिनिटे लावून पाहू देतात, विशेषतः दुपारच्या निवांत वेळी; आवाज, लॅन आणि स्लीपमधून परत येणे एवढे तपासले तरी पुष्कळ झाले. बिल जीएसटीचेच घ्या, आणि त्यावर बोर्डाचे रिव्हिजनसकट पूर्ण नाव व प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून मागा. सेवा केंद्रात वॉरंटीसाठी पहिली विचारणा त्याच क्रमांकाची होते, आणि 'मदरबोर्ड – १ नग' एवढेच लिहिलेले बिल तेथे कोणी स्वीकारत नाही.